सोयाबीनच्या ट्रायलमधले तीन प्लॉट पाण्याखाली गेले, आता थिसिसमध्ये काय लिहू?

रानवाट_२४

नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी अ‍ॅग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अ‍ॅग्रोनॉमी, थिसिस सोयाबीनमधल्या तण व्यवस्थापनावर. ९ ट्रीटमेंट (टी-१ ते टी-९, तण आवरायच्या नऊ तऱ्हा), ३ रेप्लिकेशन (आर-१ ते आर-३, त्याच नऊ तीन ब्लॉकमध्ये परत), आरबीडी (प्रत्येक ब्लॉकमध्ये ट्रीटमेंटची जागा चिठ्ठी टाकून ठरवलेली), म्हणजे एकूण २७ प्लॉट. ग्रॉस प्लॉट ५.४ बाय ५ मीटर, नेट, म्हणजे कडा सोडून ज्याचं उत्पन्न मोजतात तो भाग, ३.६ बाय ४. जूनच्या शेवटी पेरणी झाली, उगवण एकसारखी आली, विसाव्या दिवशी उगवणीनंतरचं तणनाशक मारायचं होतं तेव्हा एकेका प्लॉटला २.७ मिली औषध सिरिंजने मोजून १.३५ लिटर पाण्यात टाकलंय, इतकं जपलंय सगळं.

ऑगस्टच्या मध्याला सलग तीन दिवस पाऊस लागला आणि नाल्याचं पाणी शेतात शिरलं. आमचा लेआउट असा आहे की प्रत्येक रेप्लिकेशन वरच्या बांधापासून खाली नाल्यापर्यंत जातं, त्यामुळे तिन्हीतला शेवटचा एकेक प्लॉट सहा दिवस पाण्यात राहिला. आर-१ मधला टी-६, आर-२ मधला टी-२ आणि आर-३ मध्ये परत टी-६च. टी-६ म्हणजे पेंडीमेथालिन (उगवणीआधी मारायचं तणनाशक) आणि तिसाव्या दिवशी एक खुरपणी, माझ्या डोळ्यादेखत सगळ्यात चांगला चालला होता तो. पाणी ओसरल्यावर एक झाड उपटून बघितलं, मुळावरच्या गाठी नखाने दाबल्या तर आत तांबूस दिसायला पाहिजे तिथे काळपट पाणी निघालं. तिथेच बसून रडले, खोटं कशाला सांगू.

आता काढणी दहा-बारा दिवसांवर आलीय. एक सीनियर म्हणतात टेन्शन घेऊ नको, चांगल्या प्लॉटचा आकडा बघ आणि दोन-चारशे ग्रॅम इकडे तिकडे करून त्या तीन ठिकाणी टाक, सगळे असंच करतात. गाइडना अजून नीट सांगितलेलं नाही, भीती वाटते. घरी बाबा म्हणतात त्यापेक्षा पहिल्यापासून एमपीएससीचा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं. कोणी यातून गेलंय का? काय करू?

बांधावरचा_मास्तर

ताई, आधी एक सांगतो, पाणी शिरलं यात तुमची चूक नाही पण लेआउटमध्ये चूक आहे आणि ती थिसिसमध्ये स्वच्छ लिहा. जिकडे उतार असतो तिकडे ब्लॉक लांबवायचा नसतो, उताराला आडवा घ्यायचा असतो, म्हणजे एका ब्लॉकमधले सगळे प्लॉट एकाच पातळीवर येतात. तुमचा ब्लॉक उताराला आडवा असता तर सगळ्यात खालचं एक अख्खं रेप्लिकेशन भिजलं असतं आणि तो फरक बराचसा ब्लॉकच्या खात्यात गेला असता. आता तो टी-६ च्या डोक्यावर बसतोय.

आकड्यांचं म्हणाल तर यावर उपाय फार जुना आहे. प्लॉट हातचे जातात हे शेतीचे प्रयोग सुरू झाल्यापासून होतंय, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्येच मिसिंग प्लॉटची रीत, म्हणजे गेलेल्या प्लॉटचा आकडा बाकीच्या प्लॉटवरून गणिताने काढायची, मांडून ठेवलीय. एक प्लॉट गेला तर एका सूत्रात काम होतं, तीन गेले की तेच आलटून पालटून दोन-तीनदा करायचं, आकडा स्थिर होईपर्यंत, किंवा सरळ सॉफ्टवेअरला ते रकाने रिकामे द्यायचे. तुमचा एरर डीएफ (योगायोगाचा फरक मोजायला किती स्वतंत्र आकडे उरतात ते) १६ आहे, तीन वजा केले की १३ उरतो, साधारण १२ च्या खाली जाऊ नये म्हणतात तेव्हा ट्रायल वाचली. फक्त टी-६ चा एकच खरा प्लॉट राहतो, त्याची दुसऱ्याशी तुलना करताना सीडी (दोन ट्रीटमेंटमधला फरक खरा म्हणायला किमान किती हवा तो आकडा) वेगळा काढावा लागेल आणि तो मोठा येईल. म्हणजे टी-६ तुम्हाला कितीही आवडला तरी त्याच्याबद्दल ठाम बोलता येणार नाही, हे मान्य करून चाला.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कुठला प्लॉट बाद धरायचा हे काट्यावर वजन घ्यायच्या आधी ठरवा, आजच, कारणासकट. पाणी किती दिवस होतं हे कारण चालतं. उत्पन्न कमी आलं हे कारण कधीच चालत नाही. एकदा वजन बघितलं की माणूस स्वतःला काहीही पटवतो.

अभिज्ञ_अ‍ॅग्री

प्रॅक्टिकल बोलू का, एका एमएस्सीच्या थिसिसने जगात काय फरक पडणारे. लायब्ररीत धूळ खात पडतात. आकडे भर, डिग्री घे, नेट परीक्षेचा अभ्यास सुरू कर. फेलोशिपचे महिने संपत आलेत, सीझन रिपीट कोण करणार.

केव्हीकेवाली_ताई

अभिज्ञ, मी तेव्हा अगदी असंच म्हणाले होते म्हणून उत्तर देते. माझी ट्रायल रब्बी ज्वारीची होती, मालदांडीवर, हुरड्यात आली असताना एका रात्री जनावरं शिरली आणि दोन प्लॉट साफ केले. मी आकडे भरले. कोणालाही कळलं नाही, व्हायवाला तर माझं कौतुक झालं. पुढे केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) लागले, एका गावात बैठकीला एक आजोबा उठून म्हणाले बाई, कणीस भरायच्या वेळेला एकच पाणी हाताशी असलं तर कधी द्यावं, तुमचा अनुभव सांगा. माझ्या थिसिसचा विषय नेमका तोच होता. मला तोंड उघडता येईना, कारण त्यातलं किती खरं आणि किती माझ्या मनचं हे मलाच आठवत नव्हतं. सोळा वर्षं झाली, अजून ते आजोबा डोळ्यासमोर येतात.

रानवाट, अगं तुझ्याकडे पुष्कळ आहे, नीट बघ. तिसाव्या दिवसापर्यंतची तणांची मोजणी आणि कोरडं वजन पाणी यायच्या आधीचं आहे ना? मग ते २७ च्या २७ प्लॉटचं खरं आहे, त्याला हात लावायची गरज नाही. तण नियंत्रण क्षमता (तण किती टक्के कमी झालं ते) त्यावर निघते, मोजणीच्या आकड्यांचं स्क्वेअर रूट ट्रान्सफॉर्मेशन करून घे, म्हणजे वर्गमूळ घेऊन विश्लेषण कर, तुझा अर्धा रिझल्ट तिथेच उभा राहतो. साठाव्या दिवसाच्या निरीक्षणात मात्र त्या तीन प्लॉटना खूण कर. भिजलेले प्लॉटही काप, वेगळे मळ, वेगळ्या पिशवीत ठेव, दाण्यातला ओलावा बघूनच वजन घे आणि परिशिष्टात आकडे दे. झाडांची संख्या किती उरली, शेंगा किती धरल्या, सगळं. फील्ड बुकमध्ये तारखेसह लिही, पाऊस किती मिलिमीटर झाला तो वेधशाळेतून घे, फोटो असतील तर लाव. आणि गाइडना आज संध्याकाळीच भेट, फोनवर नको. तोंडी सांग आणि एक पानभर लेखीही दे. ओरडले तर ओरडतील, पण काढणीनंतर कळलं तर जास्त वाईट.

एमएस्सीच्या एका सीझनवर कुठली शिफारस होत नाही हेही लक्षात ठेव. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी मंजूर करणाऱ्या संयुक्त बैठकीत, म्हणजे जॉइंट अ‍ॅग्रेस्कोमध्ये जायला अनेक वर्षांचा डेटा लागतो, तुझं काम त्यातली एक वीट आहे. पण वीट कच्ची निघाली तर वरचं बांधकाम कोणाच्या भरवशावर करायचं?

काळीमाय_लातूर

मी शेतकरी हाय, बारावी शिकलेला, सोयाबीन नऊ एकर. तुमचं डीएफ-बिएफ कळलं नाय पण ते दोन-चारशे ग्रॅम वाचून राहवलं नाय म्हणून लिहितो. पोराला हिशोब करायला लावला. तुमचा नेट प्लॉट १४.४ चौरस मीटर, तिथं १०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी ६९ किलो. चारशे ग्रॅम म्हणजे हेक्टरी पावणेतीन क्विंटल, एकराला क्विंटलभर की हो ताई. तुमच्या शिटावर तो एक आकडा असंल, आमच्याकडं ते पोरीच्या वर्षभराच्या शिक्षणाचं हाय.

खुरपायला माणूस मिळत नाय म्हणून आम्ही औषधावर आलो. दुकानदार सांगंल ते मारतो, आणि त्याच्यापेक्षा भरवसा कुणावर असंल तर तुमच्या विद्यापीठाच्या पुस्तिकेवर. तुम्ही पेंडीमेथालिन आणि एक खुरपणी चांगलं म्हणालात तर मी तेच करणार. म्हणून खरं तेच लिवा.

आणि एक, पाणी साचलेल्या जागेचं पण लिवा की. आमच्यातली निम्मी रानं दरसाली अशीच बुडतात. मी तीन वर्सं झाली रुंद वरंबा सरीवर पेरतो, औंदा शेजाऱ्याचं पिवळं पडलं तवा माझं उभं होतं कारण पाणी सरीतनं निघून गेलं. तुमच्या रानात सपाट पेरा होता का? तर ते पण लिवा.

रानवाट_२४

काल लिहिल्यानंतर रात्रभर झोप नव्हती. मास्तर सर, तुमचं वाचून सकाळी सहाला शेतावर गेले, लेआउटचा नकाशा परत काढला, त्यावर उताराची दिशा दाखवली आणि तीन प्लॉट बाद धरण्याचं कारण फील्ड बुकमध्ये आजची तारीख टाकून लिहिलं. मग तो कागद घेऊन गाइडकडे गेले. सर पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले लेआउटवर सही माझी आहे, ती चूक दोघांची लिहायची. मला वाटलंच नव्हतं असं म्हणतील.

ताई, तिसाव्या दिवसाचा डेटा सगळा शाबूत आहे, ओव्हनमध्ये वाळवलेल्या तणाच्या कागदी पिशव्या अजून माझ्या कपाटात आहेत, परत वजन करून ताडून बघणार आहे.

दादा, पेरा सपाटच होता. तुमच्या हिशोबाचा स्क्रीनशॉट मी बाबांना पाठवला. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण संध्याकाळी फोन करून विचारलं की काढणीला माणसं किती लागतील, रविवारी मी आणि तुझी आई येतो. तर रविवारी कापतोय. भिजलेल्या तीन प्लॉटच्या पेंढ्यांना लाल सुतळी बांधायचं ठरलंय. मळणीला छोटं मशीन मिळेना, दांडक्याने झोडून केलं तर दाणा फुटून वजनात फरक पडतो का, एवढं कोणी सांगेल का?