देव 'विश्वासू' की आणखी काही?

पंचगंगाकाठ: आमच्या ख्रिस्ती मंडळीत (कोल्हापूर) उपासनेसाठी फ्लेक्स करायचाय. विषय असा की देव जुनी अभिवचनं विसरत नाही. मी 'देव विश्वासू आहे' लिहिलं. एका वडीलधाऱ्यांनी अडवलं, "विश्वासू गडी असतो, कुत्रा असतो. मालकाला कोण विश्वासू म्हणतं?" दुसरा शब्द सुचवा. 'विश्वसनीय' नको, बातमीतल्या सूत्रांची आठवण येते.

मिरचीभजी: एकवचनी. रामापासून चालत आलाय.

तिकटी: त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) मानणाऱ्यांनी देवाला एकवचनी म्हणायचं? व्याकरणाचे मास्तर हसतील की.

गुळाची ढेप: 'विश्वासू'त वावगं काय? बायबलात प्रेषित पौल शिष्य तीमथ्याला तेच लिहितो, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो.

तिकटी: वाचताना चालतं हो. आमची आज्जी 'शब्दाला जागणारा' म्हणायची.

मिरचीभजी: जागणारा पण गडीच! खाल्ल्या मिठाला जागतो तो.

गुळाची ढेप: मिठावरून आठवलं. बायबलात गणना १८:१९ मध्ये 'मिठाचा करार' आहे, कायमचा. दावीदाच्या राज्याबद्दलही तेच, २ इतिहास १३:५. मीठ नासत नाही म्हणून असावं, असा माझा तर्क.

शुद्धशब्द: मुळात 'करार' कशाला? अरबी शब्द. भाडेकरार ११ महिन्यांत संपतो. 'वचन' म्हणा.

तिकटी: मग 'जुना करार' हे नाव खोडायचं का? उत्पत्ती १५ काढा. जनावरं चिरून तुकडे समोरासमोर मांडायचे आणि मधून चालत जायचं, मोडला तर माझं असंच होवो म्हणून. तिथं देवाचा करार अब्रामाशी, पण अब्राम गाढ झोपलाय. तुकड्यांमधून गेली ती धुराची शेगडी आणि पेटती मशाल, म्हणजे देवाचीच खूण. बांधून घेतलं ते एकट्या देवानं. असलं कलम तुमच्या भाडेकरारात दाखवा.

मिरचीभजी: हिब्रूत करार 'कापतात', त्याला 'कारथ' म्हणतात. आपला करार तिथूनच आला, पैज लावतो.

गुळाची ढेप: हरलास भावा. करार अरबीतला, 'ठरणं' अर्थाच्या धातूचा. नातं बघायचं तर 'इमान'चं बघ. देवाच्या विश्वासूपणाला हिब्रूत 'एमुना'. एमुना, आमेन आणि अरबी ईमान, तिन्हींचा धातू एकच. दर रविवारी आमेन म्हणता, मग 'इमानी देव' म्हणायला काय जातंय?

शुद्धशब्द: परत अरबी!

तिकटी: आणि इमानी म्हटलं की परत कुत्राच.

पंचगंगाकाठ: अहो, फ्लेक्सवाला सातला दुकान बंद करतो. विश्वासू ठेवू का जागणारा?

मिरचीभजी: एकवचनी. मी सोडणार नाही.

गुळाची ढेप: लेवीय २:१३ पण बघा, प्रत्येक अन्नार्पणात मीठ घालायला सांगितलंय. मिठाचा वेगळा धागा काढू का?