कौलारू घराच्या छपराची लाकडी दुरुस्ती: सुतारकामाचा ठेकेदार कसा निवडावा?

प्रश्न

राजापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या छपराची दुरुस्ती दिवाळीनंतर हाती घ्यायची आहे. जांभ्याच्या भिंती भक्कम आहेत. मात्र माजघरावरचे आढे (छपराच्या शिखरावरचे आडवे लाकूड) मधोमध खाली आले आहे, मागच्या पडवीच्या वाशांना कीड लागली आहे आणि एका तुळईच्या भिंतीत बसलेल्या टोकाला पेचकस टोचला, तर तो मुठीपर्यंत आत जातो. दोन ठेकेदार पाहणी करून गेले. पहिला सगळे काम साहित्यासह अंगावर घ्यायला तयार असून त्याने एकच ठोक रक्कम सांगितली आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की लाकूड आम्ही आणून द्यावे आणि मजुरी हजेरीने द्यावी. आम्ही डोंबिवलीला राहतो, त्यामुळे रोज देखरेख करणे शक्य नाही. यांपैकी कोणता मार्ग धरावा आणि लेखी करारात काय काय असावे? आवारात एक वठलेला फणस आहे; त्याचे लाकूड वापरता येईल का, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद १

मी स्थापत्य अभियंता असून जुन्या घरांची कामे पाहतो. माझ्या मते सध्या दोघांपैकी कोणालाही होकार देऊ नये, कारण त्यांनी सांगितलेल्या रकमा एकाच कामाच्या आहेत की नाही हेच आपल्याला ठाऊक नाही. ज्याला काम मिळणार नाही अशा जाणत्या माणसाकडून आधी घराची पाहणी करून घ्यावी आणि प्रत्येक तुळई, खांब व वासा यांवर खडूने क्रमांक घालून कोणता ठेवायचा, कोणाला जोड द्यायचा आणि कोणता बदलायचा याची यादी करावी. ती यादी दोघांना देऊन पुन्हा दर मागवावेत.

आढे खाली येण्याचे कारण शोधल्याशिवाय ते बदलण्यात अर्थ नाही. पुष्कळदा आढे धड असते, पण त्याला तोलणारा उभा खांब ज्या तुळईवर टेकलेला असतो, तीच टोकाशी कुजून खचलेली असते. आपण वर्णन केलेली तुळई त्या खांबाखालचीच आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. असे टोक कुजते ते बहुधा फुटक्या कौलातून भिंतीत मुरलेल्या पाण्यामुळे. म्हणून नवी तुळई बसवताना तिच्या टोकाभोवती सिमेंट गच्च भरू देऊ नये. टोक दगडावर टेकवून बाजूंनी हवा खेळेल एवढी फट ठेवावी. ही बाब करारात लिहून घ्यावी, कारण भोक बुजवून गिलावा केला की काम नीटनेटके दिसते आणि आत काय केले आहे ते नंतर कोणालाच कळत नाही.

ठेकेदाराची पारख करायची असेल, तर तो तुळई काढण्यापूर्वी टेकू कुठे देणार आणि कौले कोणत्या क्रमाने उतरवणार, एवढेच विचारावे. ज्याला काम कळते तो दोन्ही उतारांवरची कौले सारख्या प्रमाणात उतरवण्याविषयी स्वतःहून बोलेल, कारण एकाच बाजूचा भार कमी झाला की आधीच खिळखिळा झालेला सांगाडा दुसरीकडे कलतो. तुळईला जोड द्यायचा असल्यास तो मधोमध न येता खांबावर किंवा भिंतीजवळ यावा.

प्रतिसाद २

फणसाबाबत घाई करू नये. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ यांच्याबरोबर फणस आणि आंबाही आहे. झाड आपल्याच आवारात असले तरी तोडण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. झाड वठलेले असल्याचे अर्जात नमूद करून छायाचित्र जोडावे. लाकूड गिरणीवर न्यायचे असल्यास वाहतूक परवान्याची चौकशीही त्याच वेळी करावी. याशिवाय घर सामाईक असेल, तर ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची लेखी संमती आधीच घ्यावी. छप्पर उघडे पडल्यावर एखाद्या चुलत भावाने हरकत घेतली, तर काम थेट मिरगापर्यंत लांबू शकते.

प्रतिसाद ३

वरील यादीची सूचना योग्य आहे, पण जुन्या छपरात किती लाकूड खराब आहे हे कौले उतरवल्याशिवाय पूर्ण कळत नाही. त्यामुळे मी ठोक रकमेच्या विरोधात आहे. अंगावर काम घेतलेला माणूस, नुकसान टाळण्यासाठी का होईना, अर्धवट किडलेला वासा तसाच ठेवून देण्याचा संभव असतो. हजेरीवर काम दिले, तर आपल्या अनुपस्थितीत ते रेंगाळते. आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांनी नगावर दर ठरवावा: एक वासा बदलण्याचे इतके, तुळईच्या टोकाला जोड देण्याचे इतके, रिपांचे (कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांचे) चौरस फुटावर इतके. काढलेले प्रत्येक लाकूड हिशेब होईपर्यंत अंगणात ठेवावे आणि क्रमांकानुसार मोजून पैसे द्यावेत.

लाकडाचे मापही स्पष्ट करून घ्यावे. ३ इंच बाय ४ इंच जाडीचा १२ फूट लांबीचा वासा म्हणजे बरोबर १ घनफूट होतो. रंधा मारल्यावर दोन्ही बाजू पाव इंचाने कमी झाल्या, तर हाती येणारे लाकूड सुमारे १४ टक्क्यांनी घटते. दर कापीव मापाचा की रंधलेल्या मापाचा, हे लिहिलेले नसेल तर भांडण ठरलेलेच. शिवाय ओले लाकूड घेऊ नये. ते छपरावर चढल्यावर सुकते, पीळ खाते आणि कौलांची बैठक बिघडवते.

वाशांना नेमके काय लागले आहे तेही तपासावे. मातीच्या नळ्या दिसत असतील तर ती वाळवी आहे आणि ती जमिनीतून येते; अशा वेळी केवळ नव्या लाकडाला औषध लावून भागत नाही, भिंतीच्या पायथ्याशी साधारण फुटाफुटावर भोके पाडून जमिनीतही औषध सोडावे लागते. बारीक छिद्रांतून पिठासारखी पूड गळत असेल, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे आणि त्याचा उपाय लाकडावरच करावा लागतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पडवीच्या वाशांतून पूडच गळते. मातीच्या नळ्या कुठेही नाहीत. कुजलेली तुळई मात्र आढ्याच्या खांबाखालचीच आहे. पहिला ठेकेदार नगावर दर द्यायला तयार झाला आहे, परंतु निम्मी रक्कम आगाऊ मागतो. ती द्यावी का?

प्रतिसाद १

निम्मी रक्कम देऊ नये. लाकूड आपण स्वतः वखारीतून पावतीवर खरेदी केले, तर त्याला मोठी उचल लागण्याचे कारणच उरत नाही. टेकू आणि मजुरांच्या पहिल्या आठवड्यापुरते पैसे पुरेत. पुढचा हप्ता तुळई बसल्यावर, तिचे टोक बुजवण्यापूर्वी काढलेले छायाचित्र पाहून द्यावा. त्यानंतरचा हप्ता कौले व कोने (आढ्यावर बसणारी कौले) चढल्यावर द्यावा आणि एक हिस्सा पहिला पाऊस पडून गळती तपासेपर्यंत राखून ठेवावा. छपरावर चढणाऱ्या मजुरांचा अपघात विमा त्याने उतरवला आहे का, तेही आताच विचारावे. नसेल तर काम सुरू होण्यापूर्वी तो उतरवून घ्यावा आणि खर्च कोणी करायचा हे करारात लिहावे.