मदत हवी आहे: तीन वर्षांचे सोबती मासे अचानक एकमेकांच्या जिवावर

आठवीगल्ली: मंडळी, लवकर सांगा. खाऱ्या पाण्याच्या टँकमधली क्लाऊन माशांच्या जोडीतली मादी चार दिवस झाले रॉयल ग्रामा माशाला जगू देईना. तीन वर्षं एकत्र आहेत, कधी भांडण नाही. आज सकाळी बघतो तर ग्रामाच्या शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला. वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) मागे अंग चोरून बसलाय, खायलाही येत नाही. काच पुसायला हात घातला तर मादी अंगठ्याला चावली. दुकानदार म्हणतो ग्रामा परत आणून दे. मला तो द्यायचा नाही.

रंकाळ्याचा_गडी: टँक किती लिटरचा? मासे किती? पाणी कधी तपासलं? काहीच न सांगता कोण काय सांगणार, भावा?

आठवीगल्ली: तीन फुटी, दोनशे लिटर. क्लाऊनची जोडी आणि ग्रामा, बस्स. पाणी ठीक आहे.

रंकाळ्याचा_गडी: ठीक म्हणजे किती? आकडे टाक की.

आठवीगल्ली: अमोनिया शून्य, नायट्रेट १०, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) १.०२५, तापमान २६. आता तरी सांगा!

घाटउतार: पुडीतलं मीठ कालवून केलेलं पाणी शेवटी पुडीचंच. मी दर महिन्याला आंबा घाट उतरून रत्नागिरीहून चार कॅन समुद्राचं पाणी आणतो. माझे मासे कधी भांडले नाहीत.

रंकाळ्याचा_गडी: किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं, होड्यांचं तेल असतं. पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी मिसळून सॅलिनिटी उतरते ती वेगळीच. लोकांना असलं सांगू नका.

घाटउतार: मी गाळून घेतो. एक मासा गेला नाही आजवर.

पेठेतला_बाळू: माझ्या गोल्डफिशचं पोट फुगलं होतं, उकडलेला वाटाणा सोलून दिला, दोन दिवसांत बरा झाला. करून बघा.

तालीमकट्टा: क्लाऊन सगळे नर म्हणूनच जन्मतात, जोडीतला मोठा मादी होतो. तुझे दोन्ही माद्या झाले असणार. जोडी फोड.

खारंपाणी: अहो दादा, जोडी आपापसात भांडतच नाहीये, मार ग्रामाला पडतोय. आठवीगल्ली, नर काय करतोय? एकाच दगडापाशी थांबून पंखांनी वारा घालतोय का? आणि गेल्या आठवड्यात टँकमध्ये काही हलवलंत का?

आठवीगल्ली: रविवारी वेव्हमेकर धुताना दगड सरकवले होते. ते सांगण्यासारखं वाटलं नाही. ताई, आत्ता टॉर्च मारून बघितलं. नर ज्या दगडापाशी आहे तिथं तांदळाच्या कणीएवढे नारिंगी-तपकिरी दाणे दाटीनं चिकटलेत, तो एकेकाला तोंड लावून साफ करतोय. मी शेवाळ समजत होतो. ग्रामाची कपार आता तिथून वीतभर अंतरावर आहे.

खारंपाणी: अंडी आहेत ती! मादी बिचारी आपलं घर राखतेय. तपकिरी झालीत म्हणजे निम्मे दिवस गेले. दाण्यांत चंदेरी डोळे चमकले की दोन-तीन रात्रींत, दिवे बंद झाल्यावर, पिल्लं बाहेर पडतील. तोवर ग्रामाला भोकं असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून त्याच टँकमध्ये टांगा, तिथंच खायला द्या. ग्रामाच्या कपारीचा दगड उचलून दुसऱ्या टोकाला न्या. अंड्यांचा दगड मात्र हलवू नका.

तालीमकट्टा: एवढं कशाला? ब्लेडनं खरवडून टाक अंडी, विषय संपला.

खारंपाणी: दोन-तीन आठवड्यांत परत घालेल. किती वेळा खरवडणार? आणि नर चार दिवस झाले तिथून हललेला नाही, त्याचं काय? ग्रामाची जागा लांब गेली तर पुढच्या खेपेलाही निभेल.

घाटउतार: पिल्लं जगवायची असतील तर पहिल्या दिवसापासून जिवंत रोटिफर (पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव) लागतात, आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) पिल्लांच्या तोंडात मावत नाही. त्याला पाणी मात्र समुद्राचंच घे.

आठवीगल्ली: ग्रामाला डब्यात घेतलं. मादीनं डब्याला दोन धडका दिल्या आणि अंड्यांकडे वळली. दहा मिनिटांनी ग्रामानं कोळंबीचा एक तुकडा उचलला, चार दिवसांतला पहिला घास. ताई, फार उपकार झाले. रोटिफर कोल्हापुरात कुणाकडे मिळतील?