निळू फुलेंची नक्कल करायची आहे, पण 'वाड्यावर या' नको

महालची_आई: पोरगा 12 वर्षांचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याला निळू फुले करायचे आहेत. जो तो एकच सांगून राहिला, "बाई, वाड्यावर या" म्हणायला लाव. एवढ्याशा पोराच्या तोंडी ते बरं नाही वाटत. दुसरा कोणता डायलॉग सुचवा ना.

जुना_ऑपरेटर: ताई, डायलॉगच नका देऊ. मी सीताबर्डीत टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. केबिनमधला स्पीकर कायम बंद, मालकानं कधी दुरुस्त केला नाही. मशीनची घरघर तेवढी. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या सरकवता सरकवता खिडकीतून मी निळूभाऊ मुकेच पाह्यले. तरी समजायचं बाप्पा! मान खाली, टोपी जराशी मागं, अन् मग डोळे सावकाश वर. तेवढ्यात खाली बायका बोटं मोडायला लागायच्या.

माणूस मात्र राष्ट्र सेवा दलात वाढलेला, पुण्यात माळीकाम केलेला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं नाव झालं, 1968 मध्ये 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा गाजला, अन् मग पाटील-सरपंच मागंच लागले. त्यातला 'सामना'चा हिंदुराव सगळ्यात भारी. श्रीराम लागूंचा मास्तर "मारुती कांबळेचं काय झालं?" विचारत फिरतो, अन् हा साखरसम्राट आतून हळूहळू उसवत जातो. आरडाओरडा नाही.

तर्री_जास्त: काका, 'सिंहासन' राहिला की! 1979 चा. त्यात ते पत्रकार दिगू टिपणीस. सगळ्या पुढाऱ्यांचं ऐकून घेतो अन् शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. हिंदीवाल्यांनी मात्र 1984 मध्ये 'सारांश'मध्ये पुन्हा पुढारीच केला.

जुना_ऑपरेटर: हो, ते हसणं! पण पोराला ते नका देऊ, भल्याभल्यांना नाही जमत. अन् ताई, पोराला हेही सांगा, की पडद्यावरचा हा सरपंच खऱ्या आयुष्यात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होता, लागूंसोबत सामाजिक कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करत होता.

महालची_आई: काका, काल करून पाह्यलं. आजोबांची टोपी मोठी होते, मागून टाचणी लावली. झोपाळ्यावर बसला, काहीच बोलला नाही, फक्त वर पाह्यलं. सासूबाई मेथी निवडत होत्या. "मुडद्या, ऊठ तिथून!" म्हणाल्या.