‘कल्चरल क्रिंज’ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम: एका दिवाळी अंकासाठी ऑस्ट्रेलियावरचा लेख भाषांतरित करतेय आणि ‘कल्चरल क्रिंज’पाशी तीन दिवस अडलेय. ऑस्ट्रेलियन समीक्षक ए. ए. फिलिप्स यांनी १९५० साली मेलबर्नच्या ‘मीनजिन’ या साहित्यिक नियतकालिकात याच नावाचा निबंध लिहिला. आपल्या मातीतलं पुस्तक हातात घेतलं की ऑस्ट्रेलियन माणसाला आधी धास्ती, एखादा सुसंस्कृत इंग्रज याला काय म्हणेल? माझ्या लेखात पुढे असं आहे की आता त्या इंग्रजाच्या खुर्चीत अमेरिकन बसलाय. मी ‘सांस्कृतिक न्यूनगंड’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘पाश्चात्त्यांचे अंधानुकरण’ केलं. अहो, ऑस्ट्रेलियाच पाश्चात्त्य की! त्यात लेकीनं शीर्षक वाचून विचारलं, “आई, तू स्वतःच्या लेखाला क्रिंज का म्हणतेयस?”

कृष्णाकाठ: संस्कृतिसंकोच. एका शब्दात काम झालं. सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ आज कुणाला खटकतात का?

पाटावरवंटा: संस्कृतिसंकोच म्हणजे संस्कृतीच आटली असं वाटतं. क्रिंजमध्ये अंग आहे हो. कुणी हात उगारला की आपण आक्रसतो, तसं. ‘अंग चोरणं’ घ्या. आमची आजी मुंबईचे पाहुणे दारात दिसले की कुळथाच्या पिठीचं पातेलं फडताळात सरकवायची आणि मला पाव आणायला पिटाळायची. पाहुणे पिठीसाठीच आलेले असायचे, ही गोष्ट वेगळी.

अर्धविराम: आजी अगदी फिट्ट! पण शीर्षकात ‘सांस्कृतिक अंगचोरपणा’ लिहिलं तर वाचकाला कामचुकार माणूस आठवेल.

यारातीरी: मेलबर्नमध्ये चौदा वर्षं काढली, म्हणून तोंड घालते. क्रिंज लंडनसमोर होता, अमेरिकेचं तसं नाही. तिच्यापुढे कुणी लाजत नाही, ती नकळत घरात शिरते. माझा धाकटा शाळेत गोळीला ‘लॉली’ म्हणायला शिकला आणि व्हिडिओ बघून ‘कँडी’वर गेला. हॅलोविनला इथे वसंत असतो, आठ वाजत आले तरी उजेड. दारात भुतं उभी, आणि मुखवट्याखाली उन्हानं घामेजलेली. लेबर पक्षानं तर १९१२ सालीच नावातला ‘यू’ अमेरिकी पद्धतीनं गाळला. मात्र मजुरी या अर्थी ‘लेबर’ लिहाल तर तो ‘यू’ आजही लागतो.

हिमगौरी: यारातीरीताईंना अनुमोदन, टोरांटोहून. आमच्याकडे याला लाज म्हणत नाहीत, हा रेटा आहे. आमचे तेव्हाचे पंतप्रधान पियर त्रुदो १९६९ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन यजमानांना तोंडावर सांगून आले की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं. हत्ती कितीही गुणी असो, त्याची प्रत्येक हालचाल आणि हुंकार आपल्याला जाणवणारच. १९७१ पासून तर रेडिओला नियमच झाला, एएम केंद्रांवर ३० टक्के गाणी कॅनेडियन हवीत. पुढे ते ३५ झाले. सरकारला टक्के मोजावे लागतात तिथे ‘न्यूनगंड’ कसला? ‘पगडा’ म्हणा.

कृष्णाकाठ: पगडा चालेल. पगडीचाच थोरला भाऊ असणार. ज्याची पगडी मोठी त्याचा पगडा.

पाटावरवंटा: काहीतरीच! आमचे आजोबा सांगायचे की हा सोंगट्यांच्या डावातला शब्द, फाशांच्या दानाचा. पगडीशी संबंध नाही.

कृष्णाकाठ: आजोबांना मान देऊन विचारतो, पुरावा?

पाटावरवंटा: पगडीचा तुम्ही दाखवा, मग मी सोंगट्या काढतो.

तिसरेमुद्रित: मुद्रितशोधनात तीस वर्षं घालवली. दिसेल ते अमेरिकेच्या खात्यावर टाकायची खोड सोडा. ‘ऑर्गनाइझ’मध्ये झेड दिसला की आमच्याकडची तरुण मंडळी ‘अमेरिकन’ म्हणून लाल रेघ मारतात. ऑक्सफर्डचे कोश झेडच वापरतात! ‘सॉकर’वर ब्रिटिश नाक मुरडतात, तो तर त्यांच्याच विद्यार्थ्यांनी ‘असोसिएशन’चं शेपूट-मुंडकं उडवून केलेला. ‘फॉल’ म्हणजे शरद, हाही इंग्लंडातून गेलेला.

यारातीरी: मान्य, पण झेडचं ‘झी’ कुणी केलं? माझी भाची पुण्यात मराठी शाळेत आहे, तीसुद्धा मुळाक्षरं ‘झी’वर संपवते.

तिसरेमुद्रित: आपल्याकडे १९९२ पासून ‘झी’ घराघरात आहे. पोरीला कशाला बोल लावता?

अर्धविराम: मंडळी, माझा शब्द! आत्ताच संपादकांचा फोन आला. म्हणाले, ‘क्रिंज’च ठेवा, तरुण वाचतील. पण तरुण ज्या अर्थानं वाचतील तो ओशाळवाणा, बघवत नाही असा अर्थ इंटरनेटवरून आलाय. फिलिप्सचा क्रिंज माझ्या लेकीपर्यंत पोचणारच नाही.

हिमगौरी: म्हणजे तुमच्या लेखातलं तुमच्याच शीर्षकावर उलटलं म्हणायचं.

कृष्णाकाठ: ठेवा बापडे. पण लिंग कोणतं? तो क्रिंज, ती क्रिंज की ते क्रिंज? आणि षष्ठी? ‘क्रिंजेचा’ लिहिलंत तर मी अंक परत पाठवीन.

पाटावरवंटा: तो ‘ज’ जगातला की जहाजातला, ते आधी ठरवा.

अर्धविराम: लेकीला विचारलं. म्हणाली, “आई, ‘किती क्रिंज!’ एवढंच म्हणतात. पुढे काही लावत नाहीत.”

कृष्णाकाठ: विशेषण झालं हो ते. नवा धागा काढा.