विदर्भातील खेड्यांत मुक्त सॉफ्टवेअरची शिबिरे: शिकवायचे कोणाला?

वर्धाकाठ (चर्चाप्रस्ताव)

दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांत पुण्याहून, बंगळुरूहून आणि अलीकडे नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातूनही संगणक अभियंत्यांचे लहान गट यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडील शाळांत येतात, बंद पडलेल्या संगणकांवर उबुंटू ही लिनक्स जातीची मुक्त संगणक प्रणाली बसवतात, सातवी-आठवीच्या मुलांना लिबरऑफिस (लेखन-हिशेबाचे सॉफ्टवेअर) आणि टक्स पेंट (चित्रे काढण्याचे) शिकवतात आणि आठवडाभरात परत जातात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या गुणांबद्दल तर मुळीच नाही, कारण परवान्याचा खर्च लागत नाही, जुन्या यंत्रावर ते चालते आणि कोणालाही न विचारता ते मराठीत किंवा गोंडीत आणता येते. माझा आक्षेप विद्यार्थ्याच्या निवडीला आहे. शिबिर संपल्यानंतर ज्याला पुन्हा संगणकाला हात लावायला मिळेल याची खात्री नाही, त्या मुलाला शिकवण्यात या मंडळींची सुट्टी खर्च होते. आणि जो दिवसभर दाखले, कराच्या पावत्या, पीकविम्याचे अर्ज आणि ऑनलाइन नोंदी याच यंत्रावर करतो, तो ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक शिबिराकडे फिरकतही नाही, कारण त्याला कोणी बोलावलेलेच नसते.

ज्यांनी हे काम इतर देशांत केले त्यांचा अनुभव याच दिशेचा आहे. २००० च्या सुमारास अमेरिकेतील ईथन झुकरमन यांच्या गीककोर या संस्थेने घानाला स्वयंसेवक पाठवले, ते अक्रा शहरातील छोट्या व्यवसायांत काही महिने बसून तेथील कामकऱ्यांना शिकवण्यासाठी. याउलट ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या प्रकल्पाने मुलांच्या हातात लिनक्सवर चालणारी यंत्रे दिली. आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथे, २००७ मध्ये त्याचा प्रयोग झाला. पेरू देशात तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या गणितात किंवा भाषेत काही सुधारणा आढळली नाही.

जवळचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची काळजी घ्यायला गावातल्याच स्त्रियांना शिकवले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ज्ञान गावातच राहणाऱ्या माणसाकडे ठेवले गेले, हे त्या यशाचे मोठे कारण होते. म्हणून माझे म्हणणे असे की, बाहेरच्या स्वयंसेवकांनी मुलांचे वर्ग थांबवावेत, परिचालक आणि सेवा केंद्र चालवणारे यांनाच शिकवावे, आणि एकदाच येऊन न थांबता वर्षभर त्यांच्या संपर्कात राहावे.

काळी माती

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवतो. वर्धाकाठ यांनी दिलेली उदाहरणे माझ्या मते त्यांच्याच विरोधात जातात. पेरूमध्ये यंत्रे वाटली गेली, परंतु ती वापरून काय शिकवायचे हे सांगणारे माणूस वर्गात पुरेसे नव्हते. त्यावरून शिकवणाऱ्याची गरज सिद्ध होते, मुले अपात्र ठरत नाहीत. ‘सर्च’ची तुलना तर अधिकच लंगडी आहे. तेथे त्या स्त्रियांच्या मागे डॉक्टर आणि पर्यवेक्षक वर्षानुवर्षे उभे होते. आपण परिचालकाच्या मागे कोणाला उभे करणार आहात?

शाळेतील वस्तुस्थिती अशी आहे. केंद्राच्या २००४ च्या योजनेतून पुढील काळात अनेक शाळांना संगणक कक्ष मिळाले. ठेकेदार कंपनीने यंत्रे बसवायची, निदेशक नेमायचा आणि पाच वर्षांनी सगळे शाळेकडे सोपवायचे, अशी ती पद्धत होती. करार संपला, निदेशक गेला आणि कक्षाला कुलूप लागले, ही गोष्ट आमच्या भागातील शिक्षकांना वेगळी सांगावी लागत नाही. त्यातील यंत्रांवर विंडोज ७ आहे, ज्याचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे, मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी बंद केला. त्यानंतरच्या यंत्रांवर विंडोज १० आहे, त्याचाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती या यंत्रांत नाही. म्हणजे शाळेपुढे दोनच मार्ग उरतात, भंगार किंवा लिनक्स. नवे संगणक घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत आणि लिनक्स बसवायला माझ्याकडे कौशल्य नाही. अशा वेळी दोन तरुण येतात, लुबुंटू हे उबुंटूचे हलके रूप बसवतात, कुलूप निघते, आणि मुलांना पहिल्यांदा माऊस हातात मिळतो. याला निरर्थक म्हणणे शहाण्या माणसाला शोभत नाही.

राहिला प्रश्न नंतर कोण शिकवणार याचा. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतही आहेत. मूल अर्ध्या पडद्यावर धडा पाहते आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच करून बघते. ते उतरवून ठेवले की इंटरनेट नसले तरी चालतात. पाहुण्याने जाताना एवढे ठेवून गेले तरी आमचे भागते.

नेरचा डीटीपीवाला

वर्धाकाठ यांच्या यादीत माझ्यासारखेही बसतात, म्हणून लिहितो. लग्नपत्रिका, ग्रामसभेचे ठराव, तहसीलचे अर्ज हे सगळे माझ्याकडे वर्षानुवर्षे कृतिदेवमध्ये टंकलेले आहे. तो युनिकोडच्या, म्हणजे सर्व यंत्रांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचा फाँट असल्याने ज्या यंत्रावर तो नाही तेथे माझी फाईल उघडली की नुसती अक्षरांची खिचडी दिसते. लिनक्सवर तो फाँट टाकता येतो आणि युनिकोडमध्ये रूपांतरही करता येते, हे मला ठाऊक आहे. पण ग्राहक समोर उभा असताना, आणि तालुक्यातील कार्यालय जुनीच फाईल परत मागत असताना, मी रूपांतर करत बसायचे का? शिबिरात मला इंकस्केप हे चित्र-आरेखनाचे मुक्त सॉफ्टवेअर दाखवले गेले. सॉफ्टवेअर चांगले आहे. माझी अडचण त्यात नव्हती आणि ती कोणी विचारलीही नाही.

माजी परिचालक

मी काही वर्षे ग्रामपंचायतीत हे काम केले आहे. परिचालकांना तुटपुंजे मानधन, तेही महिनोन्महिने थकलेले, आणि त्यासाठी मुंबई-नागपूरला वारंवार झालेली आंदोलने, हे सर्वांनी वृत्तपत्रांत वाचले आहे. अशा माणसाला ‘वर्षभर शिका’ असे सांगताना त्याच्या बुडणाऱ्या वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही. शिवाय पंचायतीची देयके डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलवर (संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणावर) चालतात, आणि तो बसवून देणाऱ्याने आम्हाला फक्त विंडोजवरची रीत शिकवली होती. एक दिवस स्वाक्षरी झाली नाही तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघेही मलाच धरणार.

माझा खरा विरोध त्याहून मूलभूत आहे. शाळेत संगणक शिक्षक नेमणे हे शासनाचे काम आहे. पाहुणे फुकट येऊन ते करू लागले की पद मंजूर करण्याची निकड कमी होते. शिबिराचे फोटो तालुक्याच्या अहवालात लागतात आणि रिकामी जागा रिकामीच राहते.

वर्धाकाठ

काळी माती सर, कुलूप निघाले ही गोष्ट मोलाची आहे, हे मान्य. तरीही मला विचारायचे आहे की उघडलेल्या कक्षात मुलगा जे शिकतो त्याचा त्याला पुढे उपयोग कोठे होतो? राज्यातील अनेक सरकारी पदांसाठी एमएस-सीआयटी हे संगणक साक्षरतेचे किंवा समकक्ष प्रमाणपत्र लागते. एमकेसीएलने (महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने) २००१ मध्ये सुरू केलेला हा अभ्यासक्रम विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरच वाढला. बाप शुल्क भरतो ते त्या वर्गाचे. केरळचे उलट झाले. तेथे २००१-०२ मध्ये ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, काही वर्षांत शाळा लिनक्सवर आल्या, दहावीला माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावरच होऊ लागली, आणि शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले गेले. मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते तेथेही होते, पण त्यांनी आपली शक्ती शासनाला आणि शिक्षक संघटनांना पटवण्यात लावली. माजी परिचालक यांचा मुद्दा मला येथेच जोडावासा वाटतो. संगणक शिक्षकाचे पद हवे असेल तर त्या विषयाची परीक्षाही हवी.

धानोरा

गडचिरोलीतून लिहिते. येथवरच्या चर्चेत सगळे ठरवत आहेत की गावाला काय शिकवावे. गावाने काय मागितले हे कोणीच लिहिलेले नाही.

आमच्या तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वन हक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी दावे केले. हक्क मिळाल्यावर काम संपत नाही. बांबू कोणत्या भागात कधी तोडायचा, मोहाची झाडे कोठे आहेत, तेंदूपत्त्याचे क्षेत्र कोणते, वणवा कोठून येतो, याचे नियोजन नकाशावर मांडावे लागते. वनविभागाशी बोलताना तोंडी सांगितलेली शीव चालत नाही. व्यापारी नकाशा-सॉफ्टवेअरचा परवाना ग्रामसभेला परवडणारा नाही. म्हणून आमच्याकडे ज्यांना बोलावले त्या स्वयंसेवकांना ग्रामसभेने एकच काम दिले: आमच्या मुलामुलींना क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर शिकवा आणि मोबाईलवर जीपीएस बिंदू घ्यायला शिकवा. शीव चालत जाऊन दाखवणारे गावातले म्हातारे होते, बिंदू घेणारी बारावी झालेली मुले होती, आणि पाहुणे रात्री त्या बिंदूंचा नकाशा कसा होतो ते दाखवत होते. गोंडी न येणाऱ्या पाहुण्याला दुभाष्या लागला, त्यामुळे त्याला सावकाश बोलावे लागले, आणि ते एका परीने बरेच झाले.

पाहुणे परत गेले. नकाशे बनवणारी मुले आहेत. त्यातली दोन शेजारच्या ग्रामसभांनाही मदत करतात आणि ग्रामसभा त्यांना त्याचे मानधन देते. वर्धाकाठ यांना माणूस परिचालक हवा, गुरुजींना विद्यार्थी हवा. आमच्याकडे शिकलेली मुले या दोन्हींपैकी नव्हती.

मिहान

मी अशा गटांतून दोन-तीन जिल्ह्यांत आलो आहे आणि मूळचा वाशीमचाच आहे. धानोरा ताईंनी लिहिले ते आदर्श आहे, परंतु ज्या गावात अशी सजग ग्रामसभा नाही, त्या गावात आम्ही जाऊच नये का? मागणी करण्यासाठी आधी अशी वस्तू जगात आहे हे माहीत असावे लागते. आठवीतल्या मुलीने जीकॉम्प्रिस हे शैक्षणिक खेळांचे मुक्त सॉफ्टवेअर पाहिले तर तिला निदान एवढे कळते की संगणक म्हणजे केवळ अर्ज भरायचे यंत्र नव्हे. याचे मोजमाप पेरूच्या पाहणीप्रमाणे गणिताच्या गुणांत करू नये.

वर्षभराच्या अटीविषयीही बोलायला हवे. नोकरी करणारा माणूस वर्षभर देऊ शकत नाही. ही अट घातली की महिनाभर देऊ शकणाराही येणार नाही. २००० मध्ये सुरू झालेल्या स्कूलनेट नामिबियाने शाळांत लिनक्स बसवण्यासाठी त्याच देशातील बेकार तरुणांना तयार केले होते. आम्ही दहा दिवस येऊन असे चार तरुण तयार केले, तर ते पुढे वीस शाळा बघू शकतात. ते परिचालकच असले पाहिजेत असा हट्ट का?

काळी माती

मिहान भाऊंना एक व्यावहारिक सूचना करतो. आपले वेळापत्रक पुण्याचे असते. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, आणि दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघून कापसाची वेचणी सुरू झालेली असते, तेव्हा वरच्या वर्गातली निम्मी मुले शेतात असतात. नाताळातही वेचणी संपलेली नसते. जुलै-ऑगस्टमध्ये या. भारनियमन गृहीत धरा. दुपारी वीज गेली तर शिकवायला दुसरे काही हाताशी ठेवा. आणि चार तरुण निवडायचे असतील तर त्यात मुली असू द्या, कारण मुलगे पुण्याच्या कंपनीत गेल्यावर परत येत नाहीत, असे मला माझ्या वर्गांवरून दिसते.

वर्धाकाठ

बेकार तरुणांची सूचना मला मान्य आहे, ती माझ्या प्रस्तावाच्या जवळ येते. आठवीच्या वर्गाविषयी माझे मत कायम आहे. ग्रामसभेने किंवा शाळा व्यवस्थापन समितीने लेखी मागणी केल्याखेरीज कोणत्याही गटाने येऊ नये, एवढी अट तरी आपण सगळे मान्य कराल का?

माजी परिचालक

मागणी लेखी असो की तोंडी, त्या चार तरुणांना शिकण्याच्या दिवसांची मजुरी कोण देणार, हे आधी त्या कागदावर लिहा. वेचणीच्या हंगामात शिबिरात बसलेल्या मुलीच्या घरात तेवढ्या दिवसांचे पैसे कमी येतात, आणि ती वेचणीला का आली नाही असे नंतर तिलाच विचारले जाते.