प्रगतीपुस्तकातला शेरा

"मोबाईलमुळे हल्ली सगळ्यांनाच एडीएचडी असतो," असं कुणीतरी म्हटलंय, म्हणून लिहितेय. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं किंवा अतिचंचलता, तीही लहानपणापासूनची. माझं निदान ३८व्या वर्षी झालं. त्यासाठी एमआरआय वगैरे काही लागत नाही. थायरॉइड तेवढं बघितलं, तेही दुसरं काही नाही ना म्हणून. बाकी दोन लांबलचक बैठका आणि प्रश्नावल्या. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेप्रमाणे मोठ्यांमध्ये लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान पाच खुणा कमीत कमी सहा महिने दिसायला हव्यात, त्याही एकाच ठिकाणी नाही तर घरी, कामावर अशा. शिवाय त्यातल्या काही वयाच्या १२ वर्षांआधीपासूनच्या. माझ्या लहानपणी आमच्याकडे साधा लँडलाइनसुद्धा नव्हता!

डॉक्टरांनी आईला बोलावलं. तिने चौथीचं प्रगतीपुस्तक जपून ठेवलेलं: 'हुशार आहे, पण लक्ष खिडकीबाहेर.' दोन्ही सत्रांना तोच शेरा, तीच लाल शाई.

ऑनलाइन चाचणीवर मात्र विसंबू नका. तिने फार तर शंका येते. गोळी डॉक्टरांनीच लिहून द्यावी लागते. माझी गोळी चालू आहे. दूध अजून उतू जातं, पण आठवड्यातून एकदाच. आई म्हणते कशी, "अगं, तुझे बाबा पण अस्सेच की!"